लोकप्रिय कादंबरीकारांवरचं आयुष्यभराचं प्रेम, आणि लेखकांवरच्या कादंबऱ्या

मधुमालती

'सुहास शिरवळकर वाचता का?' असं विचारलं की बहुतेकांकडून एकच उत्तर येतं, 'कॉलेजात असताना वाचायचो.' बाबा कदम, नारायण धारप, अर्नाळकर, योगिनी जोगळेकर, सगळ्यांच्या वाट्याला हेच. पारायणं केली होती म्हणतात, डोळ्यांत चमकही येते, आणि लगेच विषय बदलतो. माझं या लेखकांवरचं प्रेम असं मागे पडलेलं नाही. मी त्यांना आजही वाचते, आनंदाने वाचते.

'लोकप्रिय लेखक वाचनाची गोडी लावतात, मग वाचक पुढे जातो' हे वाक्य शिक्षकांकडून ऐकलं, ग्रंथपालांकडून ऐकलं. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण या वाक्यात त्या लेखकाला कायम दारातच उभं केलेलं असतं, घरात घेतलेलं नसतं. ज्याच्यासाठी आपण रात्रभर दिवा जाळला त्याच्याशी असं का वागायचं?

लेखकांवरच्या कादंबऱ्यांचा विषय मला इथेच जोडावासा वाटतो, कारण लेखनाची किंमत कोण ठरवतं हा प्रश्न त्यांच्यात सारखा येतो. माझ्यासाठी यातली पहिली म्हणजे शांताबाई शेळक्यांनी 'चौघीजणी' म्हणून मराठीत आणलेली लुइझा मे अल्कॉटची कादंबरी. त्यातली जो नावाची मुलगी वर्तमानपत्रांसाठी थरारक गोष्टी लिहिते. एका गोष्टीच्या बक्षिसातून बहीण बेथ आणि आई समुद्रकिनारी हवापालटाला जातात. दुसरीतून खाटकाची उधारी फिटते, तिसरीतून गालिचा येतो, चौथीतून किराणा आणि कपडे. पुढे प्राध्यापक भायर अशा गोष्टींबद्दल नापसंतीचे चार शब्द बोलतात आणि जो घरी जाऊन सगळा गठ्ठा शेगडीत घालते.

लहानपणी मला तो प्रसंग शहाणपणाचा वाटायचा. आता वाचताना जीव तुटतो. खुद्द अल्कॉटने 'ए. एम. बर्नार्ड' या नावाने अशाच थरारक गोष्टी लिहिल्या होत्या आणि घर चालवायला हातभार लावला होता. तिच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने, १९४०च्या दशकात, ते नाव तिचंच असल्याचं संशोधकांनी दाखवून दिलं. म्हणजे तिने जोला गोष्टी जाळायला लावल्या, स्वतःच्या मात्र छापल्या, फक्त नाव लपवून. वाचक म्हणून आपणही आपली आवड अशीच टोपणनावाखाली का ठेवायची?

तुमचे लाडके लोकप्रिय कादंबरीकार कोण, आणि लेखक हाच नायक असलेल्या कोणत्या कादंबऱ्या तुमच्या मनात घर करून आहेत, दोन्ही लिहा. सविस्तर लिहा.

पंचगंगाकाठ

मधुमालतीताई, आमच्या कोल्हापूरबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ना. सी. फडके इथे राजाराम कॉलेजात शिकवायचे. वि. स. खांडेकर शिरोड्याची शाळा सोडून इथे आले आणि 'ययाति' इथेच लिहिली. 'कलेसाठी कला' की 'जीवनासाठी कला' हा या दोघांच्या नावाने गाजलेला वाद आमच्याकडे चहाच्या टपरीवरही चालायचा, इतकी ती माणसं घरची होती.

आणि मग बाबा कदम. खरं नाव वीरसेन आनंदराव कदम, पेशाने सरकारी वकील. ही गोष्ट त्यांच्या पानापानांत दिसते. पंचनामा कसा होतो, साक्षीदार कुठे अडखळतो, गावातला बडा माणूस फौजदाराशी कोणत्या सुरात बोलतो, हे त्यांना कुणी सांगायला लागत नव्हतं. रोज कोर्टात पाहिलेलं होतं. पन्हाळा, राधानगरी या भागातली हवा, शिकारीचा नाद, वाड्यातले ताणतणाव, सगळं ओळखीचं. शेतावर राबून आलेला माणूस कंदिलाच्या उजेडात बाबा कदम वाचत बसलेला मी पाहिलाय. त्या माणसाला पुढे कुठे जायचं नव्हतं. त्याला बाबा कदमच वाचायचे होते.

आमच्या करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५०ची. अशा जुन्या वाचनालयात कुठल्याही पुस्तकाच्या मागच्या तारखांची चिठ्ठी बघा. समीक्षकांनी गौरवलेल्या पुस्तकावर चार शिक्के, कदमांच्या पुस्तकाला चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटवलेली. वाचकांनी दिलेला हा पुरस्कार कुणी मोजत नाही.

अनवट

धागा मनापासून आवडला, पण मला विरोधी बाजू मांडायची आहे.

प्रेम आहे हे मान्य. पण पुनर्वाचनात काय उरतं? मी फडक्यांची 'दौलत' आणि 'जादूगार' मोठेपणी परत वाचल्या. भाषा अजूनही रेशमी आहे, रचना चोख आहे, 'प्रतिभासाधन'मध्ये त्यांनी जे तंत्र शिकवलं ते स्वतः काटेकोरपणे पाळलेलं आहे. पण त्या नायिकांना स्वतःचं म्हणून काही हवंय का, हे शोधून सापडलं नाही. त्या देखण्या आहेत, सुशिक्षित आहेत, आणि नायकाची वाट बघतायत. पंधराव्या वर्षी हे जाणवलं नाही, चाळिशीत जाणवलं. ही वाढ मी नाकारायची का?

लेखकांवरच्या कादंबऱ्यांत माझी निवड किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस', १९७४ची. कुशंक पुरंदरे हा लेखक होऊ बघणारा माणूस, खिशात पैसे नाहीत, आयुष्य तुकड्यातुकड्यांत सांडलेलं, आणि कादंबरीही तशीच तुकड्यांत. दुसरी नेमाड्यांची 'बिढार'. साठच्या दशकातल्या मुंबईतली लिहिती, भांडणारी, अनियतकालिकं काढणारी पोरं आणि त्यांच्यात वावरणारा चांगदेव पाटील. लेखक होणं म्हणजे काय याचं इतकं निखळ चित्र मला लोकप्रिय कादंबरीत मिळालं नाही.

झुंजारचा_चाहता

अर्नाळकरांसाठी कुणी लिहायच्या आत मी लिहितो!

बाबूराव अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराहून अधिक रहस्यकथा. धनंजय आणि छोटू, झुंजार आणि विजया, काळा पहाड. आमच्या घरी आजोबा, वडील आणि मी, तिघांनी एकाच प्रतीवरून झुंजार वाचला. आजोबांना डोळ्यांनी दिसेनासं झालं तेव्हा मी मोठ्याने वाचून दाखवायचो आणि प्रकरण संपलं की ते म्हणायचे, 'थांब, आता मला सांगू दे पुढे काय होणार.' बरोबर निघालं तरी खूष, चुकलं तर जास्तच खूष.

हजार गोष्टी लिहिणं म्हणजे नुसता झपाटा असं लोक समजतात. एकदा त्यांची सुरुवात बघा. पहिल्या पानात माणूस, ठिकाण आणि संकट, तिन्ही हजर. एकही वाक्य वाचकाला ताटकळत ठेवत नाही. मी पुढे वार्ताहर झालो. बातमीचा पहिला परिच्छेद कसा लिहायचा हे मला कुठल्या अभ्यासक्रमाने शिकवलं नाही, अर्नाळकरांनी शिकवलं. त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईक, त्यांचेही आकडे हजाराच्या वरचे. कॅप्टन दीप, गोलंदाज, उदयसिंह राठोड. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून पुस्तक घ्यायचं, गाडी मुक्कामाला पोचेपर्यंत संपवायचं आणि शेजारच्या प्रवाशाला द्यायचं. नाईक नोव्हेंबर २०२१मध्ये गेले तेव्हा मला ओळखीतल्या कितीतरी जणांचे फोन आले, जसा काही घरातला माणूस गेला होता.

आणखी एक नाव विसरू नका, नाथमाधव. द्वारकानाथ माधव पितळे. तरुणपणी शिकारीला गेले असताना सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. त्यानंतर अंथरुणाला खिळून त्यांनी वाचलं आणि लिहिलं. 'वीरधवल', 'सोनेरी टोळी', स्वराज्यावरची कादंबरीमाला, सगळं त्या अवस्थेतलं. 'वीरधवल' वाचताना घोडदौडीचं वर्णन येतं तेव्हा मी पुस्तक क्षणभर मिटतो. लेखकावर कादंबरी लिहायची तर या माणसावर लिहावी.

काळा_कोट

काकोडकरांचं नाव अजून आलं नाही याचं आश्चर्य वाटलं, कारण चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा'त धाग्याचे दोन्ही विषय एकत्र येतात.

'श्यामा' 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकात आली. नायक निशिकांत, शाळामास्तर आणि कवी. त्याच्या आयुष्यात आलेल्या स्त्रिया, त्याची भिडस्त, कुढी वृत्ती, यावर कथानक उभं आहे. म्हणजे ही लेखकावरचीच कादंबरी. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने दोषी धरलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ऑगस्ट १९६९मध्ये काकोडकर सुटले.

हा निकाल मी पुन्हा पुन्हा वाचतो. न्यायमूर्तींनी फक्त खुणा केलेले उतारे बघून निर्णय दिला नाही. कथा सबंध वाचली, निशिकांतचा स्वभाव समजून घेतला आणि प्रसंग कथेच्या ओघात कशासाठी येतात ते पाहिलं. दिवाळी अंकातल्या एका लोकप्रिय लेखकाच्या कथेला देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयात इतका लक्षपूर्वक वाचक मिळाला. मराठी समीक्षेने काकोडकरांना असं सलग, पूर्वग्रह बाजूला ठेवून कधी वाचलं? माझ्या माहितीतल्या कितीतरी प्राध्यापकांनी 'श्यामा'चं एक पानही न उघडता त्यांना 'तसला लेखक' ठरवलेलं होतं.

याच काकोडकरांच्या 'नीलांबरी'वरून १९६९मध्येच 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट आला. एकत्र कुटुंब, सावत्र आई, थोरल्या भावाची माया. 'तसला लेखक' म्हणणाऱ्यांच्या घरातली बायामाणसं तो बघून रडली आहेत.

कट्टेकरी

मी सुशिवाला, म्हणजे सुहास शिरवळकरांचा वाचक. त्यांची 'दुनियादारी' पुण्यातली, एस. पी. कॉलेजच्या कट्ट्यावरची, आणि मी शिकलो मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी. आमच्याकडे कट्टा नव्हता, कँटीनही नव्हतं. पण दिग्या, श्रेयस, शिरीन आमच्या वर्गात होते, शपथ घेऊन सांगतो. पुस्तक एक आणि वाचणारे अख्खं वसतिगृह, त्यामुळे पानं सुटी करून वाचायचो. ज्याची आधीची पानं झाली त्याच्या हातात पुढची.

शिरवळकर २००३मध्ये गेले, अवघ्या चोपन्नाव्या वर्षी. २०१३मध्ये 'दुनियादारी'चा चित्रपट आला आणि माझ्या भाच्याने माझ्या कपाटातून पुस्तक मागून नेलं. पुढे 'समांतर'वर वेबमालिका निघाली, तेव्हा तो बॅरिस्टर अमर विश्वास, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, दारा बुलंद या मालिकांपर्यंत पोचला. आता आम्ही दोघं फोनवर त्यावर बोलतो. भाच्याशी बोलायला मला दुसरा कुठला विषय इतका सहज मिळाला नव्हता.

अनवट, तुम्ही विचारलंत पुनर्वाचनात काय उरतं. माझ्या बाबतीत शेवट उरतो. विसाव्या वर्षी 'दुनियादारी' मैत्रीची वाटली. आता वाचतो तेव्हा श्रेयसचे आईवडील दिसतात, त्या घरातला अबोला दिसतो. तो तेव्हाही तिथेच होता, मीच त्याच्यापर्यंत पोचलो नव्हतो.

वेताळटेकडी

वाचकाच्या प्रेमाची काळी बाजू लिहिणारी कादंबरी म्हणजे स्टीफन किंगची 'मिझरी', १९८७. पॉल शेल्डन हा लोकप्रिय कादंबरीकार. मिझरी नावाच्या नायिकेवर तो मालिका लिहितो, तिला कंटाळतो आणि मारून टाकतो. अपघातात सापडल्यावर त्याला वाचवते ती त्याची सर्वांत निस्सीम वाचक, अ‍ॅनी विल्क्स. नायिका मेल्याचं कळताच ती त्याला कोंडून नवी कादंबरी लिहायला भाग पाडते.

भीती बाजूला ठेवून वाचलं तर लेखनाच्या कामाबद्दल इतकं बारकाईने सांगणारी पुस्तकं थोडी आहेत. आधीच्या भागात मेलेली नायिका परत कशी आणायची? अ‍ॅनी फसवाफसवी चालवून घेत नाही. घटना पटली पाहिजे, हा तिचा आग्रह असतो. वाचक म्हणून ती अगदी बरोबर बोलते, आणि त्याचाच काटा येतो. कॉनन डॉयलने १८९३मध्ये होम्सला धबधब्यात ढकललं आणि दहा वर्षांनी वाचकांपुढे हार मानून जिवंत परत आणलं. त्या हट्टी वाचकांचेच उपकार, नाहीतर होम्सच्या अर्ध्याअधिक कथा आपल्याला मिळाल्याच नसत्या.

किंगवरून धारप आठवणारच. 'लुचाई' आणि 'शपथ' ज्या इंग्रजी कादंबऱ्यांवर बेतल्या आहेत, त्या दोन्हींत मूळ नायक कादंबरीकार आहे. भीतीच्या कथेत लेखक नायक का चालतो? मला वाटतं, न दिसणाऱ्या गोष्टीवर आधी विश्वास ठेवण्याची त्याला सवय असते. धारपांनी ते सगळं मराठी वाड्यात, मराठी गावात असं बसवलं की परसातल्या विहिरीकडे जायची भीती वाटावी. आणि त्यांचा भुताखेतांशी झुंजणारा नायक, समर्थ! दिवे गेलेले असताना समर्थ दारात उभे राहिले की वाचणाऱ्यालाच धीर येतो.

मधुमालती

अनवट, तुमचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून नीट उत्तर देते.

फडक्यांच्या नायिकांबद्दल सहमत. पण लोकप्रिय कादंबरी म्हणजे फक्त पुरुषांनी लिहिलेली नव्हे. योगिनी जोगळेकर, डॉ. सुमती क्षेत्रमाडे, कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे, ज्योत्स्ना देवधर. दुपारी जेवणाची आवराआवर झाली की आमच्या चाळीत यांची पुस्तकं एका घरातून दुसऱ्या घरात जायची. क्षेत्रमाड्यांच्या 'महाश्वेता'तली बाई काय सोसते, नोकरी करणाऱ्या मुलीच्या पगारावर घर चालतं तेव्हा तिच्या लग्नाचा विषय कोण टाळतं, विधवेला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, यावर वाचणाऱ्या बायका भांडायच्या. कडाकडा भांडायच्या. त्या भांडणांतून एका काकूंनी मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, आणि ते मोडलं म्हणून ती मुलगी आज सुखात आहे. या कादंबऱ्यांनी कुणाच्या आयुष्यात काय केलं, याची नोंद कुठल्याच वाङ्मयेतिहासात नाही, कारण त्या बायकांना कुणी विचारलं नाही.

योगिनीबाई शास्त्रीय गायिकाही होत्या, राम मराठ्यांच्या शिष्या. त्यांच्या कादंबरीत गाणं येतं तेव्हा ते रियाज केलेल्या माणसाचं असतं.

आणि लेखिका-नायिका म्हटलं तर थेट हरिभाऊ आपट्यांपर्यंत मागे जावं लागतं. 'पण लक्षात कोण घेतो?' १८९०पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः यायला लागली. यमूची कहाणी यमूच्याच तोंडून. आठवड्याच्या आठवड्याला लोक तिची वाट बघायचे. आज ती अभिजात म्हणून अभ्यासक्रमात आहे, तेव्हा ती लोकप्रिय साप्ताहिकातली चालू गोष्ट होती. यमूसाठी रडलेल्या पहिल्या वाचकांना कुणी सांगितलं नव्हतं की ही थोर कादंबरी आहे. त्यांना ते आधीच कळलं होतं.

निवृत्त_रोखपाल

दोन नावं सुचवतो.

पहिलं, जॅक लंडनची 'मार्टिन ईडन', १९०९. खलाशी पोरगा एका सुशिक्षित मुलीच्या प्रेमात पडतो आणि लेखक व्हायचं ठरवतो. उपाशी राहून लिहितो, टंकलेखन यंत्र भाड्याने आणतो, पोस्टाच्या तिकिटांसाठी कोट गहाण ठेवतो. हस्तलिखितं परत येत राहतात. मग एक पुस्तक गाजतं, आणि ज्या संपादकांनी नाकारली होती तेच ती जुनी बाडं मोठ्या रकमा देऊन छापतात. लोक जेवायला बोलावतात. तो मनात म्हणत राहतो, हे सगळं तर तेव्हाच लिहून झालं होतं, तेव्हा मी उपाशी होतो, तेव्हा का नाही जेवायला बोलावलंत? मी आयुष्यभर काउंटरच्या आत बसून लोकांच्या नोटा मोजल्या. उधारीवर जगणाऱ्या माणसाचा असा हिशेब मांडणारी दुसरी कादंबरी मी वाचलेली नाही.

दुसरं नाटक आहे, तरी चालवून घ्या. महेश एलकुंचवारांचं 'आत्मकथा'. राजाध्यक्ष हे नामवंत, वृद्ध लेखक प्रज्ञा या तरुण मुलीला आत्मचरित्र सांगतायत. पत्नी उत्तरा आणि तिची बहीण वासंती यांच्याशी असलेलं नातं त्यांनी पूर्वी कादंबरीत वापरून घेतलंय. आता त्या दोघींना ते कसं दिसतं हे बाहेर येतं. लेखकाने ज्यांच्यावर लिहिलं त्यांचं काय होतं, या प्रश्नाला इतक्या प्रामाणिकपणे भिडलेलं मराठीत फार थोडं आहे.

अनवट

मधुमालती, चाळीतल्या भांडणांचं तुम्ही लिहिलंत ते वाचून विचारात पडलो. माझं मत पूर्ण बदललेलं नाही. फडके मला आजही पुरत नाहीत. पण कट्टेकरींनी श्रेयसच्या घरातल्या अबोल्याचं सांगितलं त्यानंतर कपाटाच्या वरच्या फळीवरचा सुशिंचा गठ्ठा खाली घेतलाय. 'मार्टिन ईडन'ही यादीत घेतली. काळा कोट, त्या निकालावर स्वतंत्र आणि सविस्तर लिहा, ही विनंती.

पंचगंगाकाठ

एक निकडीची गोष्ट. ही पुस्तकं सर्वांत जास्त हाताळली गेली म्हणून सर्वांत आधी फाटली. स्वस्त कागद, पिनांची शिलाई, पातळ मुखपृष्ठ. वाचनालयं जीर्ण पुस्तकं बाद करतात तेव्हा पहिल्यांदा हीच निघतात, आणि त्यातल्या कितीतरींची पुढची आवृत्ती निघालेलीच नाही. अर्नाळकर आणि नाईक यांच्या छोट्या पुस्तिका तर बहुतेक ग्रंथालयांनी कधी नोंदवूनच घेतल्या नव्हत्या, त्या भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानांत असायच्या आणि ती दुकानं बंद झाली.

तुमच्या गावच्या वाचनालयात बाद पुस्तकांची यादी लागते का ते विचारा. रद्दीच्या भावात मिळतात. गावातला बाइंडर सापडला तर पुठ्ठा आणि कापडी पाठ घालून घ्या, जुनी मुखपृष्ठं फेकू देऊ नका, आत चिकटवायला सांगा. मी नाथमाधवांचे चार भाग असे वाचवले आहेत. झुंजारचा चाहता, तुम्हाला 'सोनेरी टोळी' हवी असेल तर माझ्याकडे जास्तीची एक प्रत आहे, व्यक्तिगत निरोप करा.